फर्नेस पेटते आणि लगेच विझते

शिकागोत बाहेर उणे 20 सेल्सिअस आणि घर गरम करणारी गॅसची फर्नेस गार. थर्मोस्टॅट, फिल्टर, ब्रेकर सगळं ठीक. बर्नरच्या काचेतून पाहिलं: इग्नायटर लालभडक होतो, ज्योत पेटते, चार-पाच सेकंदांत विझते. असं दिसलं की पहिला संशय फ्लेम सेन्सरवर, म्हणजे ज्योत पेटली का हे ओळखणाऱ्या धातूच्या दांडीवर. ज्योतीतून वाहणारा मायक्रोअँपियरमधला प्रवाह त्याच्याकडून आला नाही, तर कंट्रोल बोर्ड गॅस तोडतो. वीज, गॅस बंद करून एकच स्क्रू काढला. दांडीवर पांढुरका थर! बारीक स्टील वूलने हलकेच घासली. सँडपेपरने ओरखडे पडतात, तो नकोच. परत बसवली, ज्योत टिकली. मेकॅनिकची रात्रीची फी ऐकून तेवढ्या थंडीतही घाम फुटला होता. गॅसचा वास असता, तर मात्र कशालाही हात न लावता आधी बाहेर पडलो असतो.