धर्माचा अभ्यास शिकवायचाय? रोटापासून सुरू करा

पहिल्याच तासाला फळ्यावर 'धर्म म्हणजे काय?' लिहू नका. कोणीतरी 'धारण करतो तो धर्म' म्हणतं, सगळे माना डोलावतात आणि तास तिथेच बसतो. त्याऐवजी विचारा: तुमच्याकडे कानबाईचे रोट असतात का?

कानबाई ही खान्देशात घरोघरी बसवली जाणारी देवी आणि रोट म्हणजे तिच्या नैवेद्याच्या गव्हाच्या पोळ्या. खान्देशातल्या वर्गात निम्मे हात तरी वर येतील. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन. दहा मिनिटं देऊन फक्त वर्णन लिहायला सांगा. नारळ कोण मांडतं, गहू कोणाच्या नावाने मोजतात, दळतं कोण, पंगतीला कोण बसतं, कोणाला बोलावत नाहीत. या टप्प्यावर तीन शब्दांना बंदी: 'पवित्र', 'अंधश्रद्धा' आणि 'वैज्ञानिक कारण'. तिसरा सर्वांत चिवट. मुलं कुठल्याही प्रथेला जंतुनाशक गुण चिकटवतात आणि मग पाहणंच थांबवतात.

मग घरी आजीला तेच प्रश्न. उत्तर अहिराणीत असेल तर अहिराणीतच उतरवायचं, तिचाच शब्द ठेवायचा. हमखास चूक होते ती 'रोट'चा 'प्रसाद' करण्यात. प्रसाद येईल त्याच्या हातावर ठेवतात. रोट बऱ्याच घरांत भाऊबंदकीतच खातात, बाहेर देत नाहीत. शब्द बदलला की नेमकी हीच गोष्ट वहीतून गळते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमला इथे आणा, आधी नाही. विधीतून समूह घडतो, हे त्याचं १९१२ सालचं म्हणणं मुलांना आता स्वतःच्या पंगतीत दिसतं. त्याने लिहिलं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या विधींवर, पण तो स्वतः तिथे कधी गेला नव्हता, इतरांच्या नोंदींवर विसंबला, हेही सांगाच. मुलांना आपल्या नोंदींचं मोल कळतं.

दुसऱ्या आठवड्यात वाक्य लिहिण्याचा सराव. फळ्यावर तीन वाक्यं:

'मुक्ताबाई विजेच्या लोळात गुप्त झाल्या.'
'असं काही घडलंच नाही.'
'मुक्ताबाई १२९७ मध्ये तापीकाठी विजेच्या लोळात गुप्त झाल्या, असं वारकरी परंपरा मानते; आजही मुक्ताईनगरहून पालखी आषाढीला पंढरपूरला जाते.'

पहिलं कीर्तनात शोभतं, दुसरं वादसभेत. अभ्यासाचं वाक्य तिसरं, कारण कोण म्हणतं ते त्यात आहे आणि तपासता येईल अशी गोष्टही आहे. पाच-सहा वाक्यं अशी बदलून घेतल्याशिवाय हात बसत नाही.

तुलना यानंतरच. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची आदिवासींची राजवाडी होळी घ्या किंवा जवळच्या दर्ग्याचा उरूस. प्रश्न तेच ठेवा. 'आदिवासी निसर्गपूजक असतात' असं वाक्य आलं तर खोडा आणि विचारा: होळीचा उंच बांबू कोण आणतं, उभा कोण करतं? उरुसाला जाताना आधी तिथल्या मुजावरांना विचारा. मोबाईल खिशात, वही बाहेर.

पालक हरकत घेतात, दोन्ही बाजूंनी. घटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. पण धर्मांविषयी शिकवणं वेगळं, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात मान्य केला आहे. हे सत्राच्या सुरुवातीलाच सांगून टाका.

वही तपासताना २० पैकी निदान १० गुण निव्वळ वर्णनाला ठेवा. लिहिणारा श्रद्धाळू आहे की नाही हे वर्णनावरून ओळखू आलं, तर तेवढा भाग पुन्हा लिहायला द्या.