सोसायटीतील मतदान कसे वाढवावे : जपानच्या अनुभवाचा उपयोग

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ठाणे मतदारसंघात, ज्यात ऐरोली आणि बेलापूरही येतात, जेमतेम ५२ टक्के मतदान झाले. आपल्या सोसायटीपुरते हे चित्र बदलू इच्छिणाऱ्या कार्यकारिणीने जपानकडे अवश्य पाहावे. तेथे कनिष्ठ सभागृहासाठी १९९० साली ७३ टक्क्यांहून अधिक मतदान झाले होते; २०१४ मध्ये ते ५२.६६ टक्के, म्हणजे युद्धोत्तर काळात तोवरचे सर्वांत कमी झाले. वास्तविक तेथे मतदान रविवारी होते, अनेक केंद्रे रात्री आठपर्यंत उघडी असतात आणि २००३ पासून आगाऊ मतदानाची सोय आहे. २०१४ ते २०१७ या काळात आगाऊ मत देणारे सुमारे १.३ कोटींवरून २.१ कोटींवर गेले, तरी एकूण मतदान केवळ एका टक्क्याने वाढले. २०१७ च्या मतदानाच्या दिवशी वादळ होते हे खरे. पण माझ्या मते जे मत देणारच होते, त्यांनीच मुख्यतः सोयीचा दिवस निवडला. म्हणून वाहनांची सोय करण्याआधी, मतदानाला जात नाहीत ते कोण, हे शोधावे.

सर्वाधिक श्रम मतदार यादीवर घ्यावेत. जपानमध्ये शिक्षणासाठी शहरात आलेले कित्येक विद्यार्थी रहिवासी नोंद गावीच ठेवतात. घोडबंदर रोडवर किंवा नेरुळमध्ये भाड्याने राहणाऱ्यांचे नावही तसेच साताऱ्याच्या किंवा कोकणातल्या यादीत राहिलेले असते. दोन कार्यकर्त्यांनी यादीची प्रत घेऊन प्रत्येक मजल्यावर जावे. नाव दुसरीकडे असल्यास अर्ज क्रमांक ८, नव्या मतदारासाठी अर्ज क्रमांक ६ भरून घ्यावा आणि बीएलओंशी (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांशी) संपर्क ठेवावा. भाडेकरूंना नोंदणीकृत भाडेकरार पुरावा म्हणून जोडता येतो. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर यादीत नाव घालता येत नाही, त्यामुळे निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये.

तरुणांकडे विशेष लक्ष द्यावे. जपानमध्ये २०१६ पासून १८ व्या वर्षी मताधिकार मिळतो. तरीही २०२१ मध्ये विशीतल्या मतदारांचे मतदान ३६.५ टक्के आणि साठीतल्यांचे ७१ टक्के होते. केवळ अधिकार देऊन भागत नाही, हे यावरून दिसते. आपल्याकडे १७ वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. तो घरातल्या मोठ्यांनी शेजारी बसून भरून घ्यावा, आणि पहिल्या मतदानाला त्यांच्यासोबत जावे.

लोकसभा-विधानसभेसाठी ८५ वर्षांवरील मतदारांना घरून मतदानाची सोय आहे. त्यासाठीचा अर्ज १२-ड निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो.

मतदानाच्या दिवशी दुपारनंतर राहिलेल्यांना फोन करावेत, मात्र कोणाला मत दिले किंवा देणार, हे कधीही विचारू नये. वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येते, म्हणून उशिरा कामावरून परतलेल्यांनाही थेट केंद्रावर पाठवावे.