इंजेक्टर उपसण्याआधी डिझेल, कूलंट आणि ऑइल कसे काढावे

ट्रकच्या डिझेल इंजिनात सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर उपसला की त्याचे भोक थेट सिलिंडरमध्ये उघडते. हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) आतल्या मार्गांत डिझेल किंवा कूलंट उरले असेल तर ते त्या भोकातून पिस्टनवर उतरते, आणि द्रव दाबला जात नसल्यामुळे पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून ही पायरी घाईत उरकू नये.

ट्रक सपाट जागी उभा करून चाकांना ठोकळे लावावेत, इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. कॉमन रेल इंजिनात सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळते; असे इंजिन चालू असताना रेलमधला दाब १,६०० बार किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. त्यामुळे इंजिन बंद केल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याशिवाय कोणत्याही पाइपचा नट सैल करू नये. अशा दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आधी कूलंट काढावे. काही इंजिनांत इंजेक्टर ज्या स्लीव्हमध्ये (नळीसारख्या कवचात) बसतो तिच्या बाहेरून कूलंट वाहत असते, आणि कधीकधी ती स्लीव्ह इंजेक्टरला चिकटून वर येते. कूलंटची पातळी हेडच्या खाली गेलीच पाहिजे. नुसता रेडिएटरचा कॉक उघडून भागत नसेल तर ब्लॉकचा ड्रेन प्लगही काढावा. इथिलीन ग्लायकॉल असलेले कूलंट चवीला गोड पण विषारी असते, तेव्हा ते मुलांच्या आणि जनावरांच्या आवाक्यात उघडे ठेवू नये.

डिझेलसाठी फिल्टरचा ड्रेन उघडावा. हेडमध्ये डिझेलची गॅलरी (आतला मार्ग) असेल तर तिचा प्लग किंवा जादा डिझेल टाकीकडे परत नेणारी रिटर्न लाइन सोडून ती रिकामी करावी. टाकी हेडपेक्षा उंच असल्यास टाकीकडून येणारी लाइन आधी बंद करावी, नाहीतर डिझेल येतच राहील. सुटलेल्या तोंडांना स्वच्छ टोप्या लावाव्यात. चिंधी कोंबू नये, कारण तिचा एखादा धागाही नवा इंजेक्टर खराब करू शकतो.

ज्या इंजिनांत इंजेक्टर ऑइलच्या दाबावर चालतात, तिथे ऑइलची रेलही रिकामी करावी लागते. बाकीच्या इंजिनांत चेंबरमधले (इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्यातले) ऑइल काम संपल्यावर बदललेले बरे, कारण पिस्टनच्या रिंगांवरून झिरपलेले डिझेल त्यातच उतरते.

नवे इंजेक्टर बसवण्याआधी प्रत्येक भोकातून साचलेला द्रव नळीने ओढून घ्यावा. बसवल्यावर क्रँकशाफ्ट पान्याने दोन पूर्ण फेरे सावकाश फिरवावा आणि कुठे अडल्यास जोर न लावता तिथेच थांबून इंजेक्टर पुन्हा काढावेत.