पावसाळ्यात चित्रे काढायला निघण्यापूर्वी: ब्रशची तयारी (आणि फडके)

गेल्या श्रावणात वाईजवळ मेणवलीच्या घाटावर दोन दिवस जलरंगात चित्रे काढण्यासाठी गेलो होतो. कागद होता, रंग होते, घडीचे स्टूल होते, मोठी छत्रीसुद्धा होती. नव्हते ते फक्त एक जुने सुती फडके. तेवढ्यापायी पहिल्याच सकाळी आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, हातचा गेला, आणि ओलेच बंद केलेले तीन ब्रश घरी आल्यावर पिशवीत आठ दिवस पडून कायमचे निकामी झाले. यंदा पुन्हा निघायचे आहे, म्हणून ही यादी लिहून ठेवतो आहे, तीही ब्रशपुरतीच. कागद, रंग, पॅलेट, पाण्याचे भांडे या गोष्टी कोणी विसरत नाही.

यादीची सुरुवात फडक्याने करावी. वापरून मऊ पडलेला पंचा किंवा सुती चादर यांतून मोठ्या हातरुमालाएवढे दोन तुकडे फाडून घ्यावेत. नवे कापड घेऊ नये. त्याला खळ असते आणि खळीचे कापड पाणी शोषत नाही, नुसते पसरवते. टेरिकॉट तर मुळीच नको. टिश्यू पेपरवर भागेल अशी माझी समजूत होती. दमट हवेत तिसऱ्या वॉशपर्यंत त्याचा लगदा झाला आणि त्याचे कण ओल्या आभाळाला चिकटले. जलरंगात ब्रशमध्ये किती पाणी उरावे हे फडक्यावर ठरते. पाण्यातून काढलेला ब्रश फडक्याला एकदा टेकवला तर वॉशपुरते पाणी राहते, दोन्ही बाजूंनी फिरवला तर ओलसर कागदावर झाडी उठवता येईल इतके, आणि नीट टिपून घेतला तर तोच ब्रश कागदावरचे जादा पाणी उचलून घेतो. हे न करता भरलेल्या ब्रशाने अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये शिरले की नवे पाणी जुन्या रंगाला पुढे ढकलते आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठतात. पावसाळ्यात कागद लवकर वाळत नसल्याने ही अर्धवट अवस्था फार वेळ टिकते. माझ्या आभाळात असे चार गड्डे उठले, आणि शेवटी ब्रश पँटला पुसत बसावे लागले.

नवे ब्रश घ्यायचे असतील तर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घेऊ नयेत. दुकानातील बहुतेक नव्या ब्रशांचे केस डिंकासारख्या द्रावाने ताठ केलेले असतात. ते बोटांनी मोडून मोकळे करण्याची अनेकांना घाई असते, आणि नेमके तेव्हाच टोकाचे बारीक केस तुटतात. पाण्यात हलकेच फिरवून डिंक सोडवावा. गोल ब्रश निवडताना दुकानदाराकडे पेलाभर पाणी मागावे, ब्रश भिजवून मनगटाने एक झटका द्यावा आणि टोक आपोआप जुळून येते का ते पाहावे. दोन टोके फुटली तर तो ब्रश परत ठेवावा. पुढे वापराने सुधारेल हा आशावाद व्यर्थ आहे. मग ओले टोक तळहातावर किंचित वाकवून उचलावे; ते पुन्हा सरळ उभे राहिले पाहिजे. केस धरून ठेवणारी धातूची नळी, म्हणजे फेरूल, दांड्यावर हलत नाही ना आणि तिला उभा सांधा नाही ना, हेही बघावे. पाणी द्यायला कुरकुर करणाऱ्या दुकानातून महाग ब्रश घेऊ नये.

केस कोणते घ्यावेत यावर बरेच वाद होतात, पण पावसाळी सहलीसाठी माझे उत्तर सिंथेटिक असेच आहे. नैसर्गिक केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असल्यामुळे तो पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. गुळगुळीत सिंथेटिक तंतू ते पटकन सोडून देतो, त्यामुळे रंग वारंवार घ्यावा लागतो. हा तोटा खरा आहे. परंतु नैसर्गिक केस ओल, बुरशी आणि कसर या तिन्हींना बळी पडतो, आणि घाटावरच्या पायरीवरून नदीत गेलेल्या कोलिन्स्की ब्रशाचे दुःख निराळेच असते. कोलिन्स्की म्हणजे सायबेरियन वीझल या लहान शिकारी प्राण्याच्या शेपटीचे केस. त्याची किंमत घरच्या टेबलावर वापरतानाही हात जपून ठेवायला लावते. ‘कॅमल हेअर’ या नावाखाली येणाऱ्या केसांत उंट नसतो. ते खारीचे, बकरीचे किंवा घोड्याचे असतात. (आपल्याकडील ‘कॅमल’ हे रंगसाहित्याचे व्यापारचिन्ह वेगळे, त्याचा या नावाशी संबंध नाही.)

येथे एक इशारा, आणि तो गंभीरपणे घ्यावा. पट्टेदार, तपकिरी-पांढरट केसांचा ब्रश कोणी ‘खास नॅचरल’ म्हणून स्वस्तात पुढे केला तर तो हातात घेऊन कौतुक करत बसू नये. असे केस मुंगसाचे असू शकतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये मुंगूस संरक्षित आहे आणि त्याच्या केसांच्या ब्रशांचा व्यापार गुन्हा आहे. एका ब्रशासाठी अनेक मुंगसे मारली जातात की एकच, या हिशेबात पडण्याचेही कारण नाही. शंका आली तर सिंथेटिक घ्यावा आणि बाहेर पडावे.

किती ब्रश न्यावेत? चार. पाव इम्पीरियल, म्हणजे १५ बाय ११ इंचांच्या कागदाला एक इंची चपटा, १२ नंबरचा गोल, ६ नंबरचा गोल आणि एक रिगर एवढे पुष्कळ होतात. निरनिराळ्या कंपन्यांचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून नंबर वाचून घरबसल्या मागवलेला ब्रश अपेक्षेपेक्षा बारीक निघाला तर आश्चर्य मानू नये. रिगर हा लांब, सडसडीत केसांचा ब्रश; जहाजांचे दोरखंड रंगवण्यासाठी तो वापरीत, त्यावरून हे नाव पडले. आपल्याला तो विजेच्या तारा, सुकलेल्या फांद्या आणि कोकणात गेल्यास होड्यांच्या दोऱ्या काढायला लागतो. पंख्याच्या आकाराचा ब्रश, गोलसर टोकाचा चपटा फिल्बर्ट वगैरे मंडळी घरी राहू द्यावीत. एक जुना, टोक गेलेला ब्रश मात्र वर घ्यावा: मास्किंग फ्लुइडसाठी, म्हणजे कागदाचा पांढरा भाग झाकून ठेवणाऱ्या रबरी द्रावासाठी, आणि केवळ त्याच्यासाठी. चांगला ब्रश त्यात बुडवला तर रबर केसांच्या मुळाशी बसते आणि निघत नाही. जुना ब्रशदेखील आधी साबणाच्या फेसात भिजवून मगच बुडवावा.

हे चारही ब्रश बांबूच्या काड्यांच्या चटईत ठेवावेत. ताटाखाली घालायच्या चटईला इलॅस्टिक ओवून घेतले तरी चालते. तिच्या फटींतून हवा खेळते. माझे तीन ब्रश प्लॅस्टिकच्या बंद नळकांड्यात होते, आणि तेही ओले, कारण पुसायला फडके नव्हते. आठ दिवसांनी झाकण उघडले तेव्हा पावसाळ्यात विसरलेल्या डब्यासारखा वास आला. केसांवर करडी बुरशी होती, टोके नळकांड्याच्या तळाला टेकून आकड्यासारखी वाकली होती, आणि एकाचा दांडा फेरूलमध्ये खुळखुळत होता. नव्या ब्रशावर येणारी छोटी पारदर्शक टोपीही पहिल्याच दिवशी फेकून द्यावी. ती परत चढवताना हमखास दोन-चार केस उलटे दुमडतात. चटई गुंडाळताना तिच्या आत कोरडे फडके घालावे. दुसरे, वापरायचे फडके पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात, जिथे हात आधी जातो तिथे ठेवावे. दारातून निघताना किल्ली, मोबाइल, पाकीट म्हणतो तसे फडके म्हणावे.

जागेवर बसल्यावर दोनच पथ्ये. ब्रश पाण्याच्या भांड्यात उभा सोडून चहाला जाऊ नये. टोक वाकते आणि पाणी फेरूलमध्ये चढते. फडक्यावर आडवा ठेवावा. आणि टोक जुळवण्यासाठी ब्रश ओठांत धरू नये. काही रंगांत असणारे कॅडमियम, कोबाल्ट हे पोटात जाण्याचे पदार्थ नव्हेत. टोक ओल्या फडक्यावर फिरवूनही जुळते.

परतल्यावर, म्हणजे घरी नव्हे, मुक्कामाच्या खोलीवर त्याच संध्याकाळी, ब्रश धुवावेत. साध्या किंवा जेमतेम कोमट पाण्यात, मऊ साबणाने, तळहातावर हलक्या हाताने, फेस पांढरा येईपर्यंत. कढत पाण्याने फेरूलमधला गोंद सैल पडतो आणि केस गळू लागतात. मग कोरड्या फडक्याने टिपावे, बोटांनी टोक जुळवावे आणि ब्रश आडवा ठेवावा, केस टेबलाच्या कडेबाहेर राहतील असा. पेल्यात दांड्यावर उभा करून ठेवला की पाणी केसांतून खाली फेरूलमध्ये उतरते, लाकूड फुगते, दांड्याचा रंग तडकतो, आणि वाळल्यावर लाकूड आकसून फेरूल ढिली पडते. वाळलेले ब्रश पेल्यात खुशाल उभे करावेत. श्रावणात मात्र वाळायला एक रात्र पुरत नाही, दोन दिवस धरावेत. पंख्याखाली ठेवावेत, हेअर ड्रायर नको. सकाळी निघायचे असेल तर चटई सैल गुंडाळून, आत फडके घालून न्यावी आणि घरी पोहोचल्यावर चपला काढण्याआधी उघडावी.

ॲक्रिलिकवाल्यांनी ब्रश जागेवरच धुवावा, वाळलेले ॲक्रिलिक पाण्याने निघत नाही. तैलरंगवाल्यांनी आधी पुसून, टर्पेंटाईनमध्ये खळबळून, मग साबण लावावा. त्यांच्या फडक्याचा धोका वेगळा आहे, जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून एकत्र ठेवली तर आपोआप पेट घेऊ शकतात, तेव्हा ती पसरून वाळवावीत.

नैसर्गिक केसांचे ब्रश महिनोन्महिने ठेवायचे असतील तर पूर्ण कोरडे करून डांबराच्या गोळीसह डब्यात ठेवावेत आणि अधूनमधून उघडून पाहावेत, कसर लागते. आकडा झालेल्या माझ्या तीन ब्रशांपैकी एक मास्किंगला लावला आहे, दुसऱ्याने खडबडीत गवत बरे उठते, तिसरा टाकला. पंचा फाडून ठेवला आहे. पिशवीत घालायचा आहे.