संजाणच्या ताम्रपटाने शिकवलेले वाचन

प्राचीन भारतीय इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासाला लागलो तेव्हा राजांची नावे, लढाया आणि शकवर्षे वहीत उतरवून घेणे म्हणजेच ताम्रपट (तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले दानपत्र) वाचणे, अशी माझी समजूत होती; आरंभीचे मंगलाचरण, दानाचा मजकूर आणि दान मोडणाऱ्याला शाप देणारे अखेरचे श्लोक मी ओलांडून पुढे जात असे. राष्ट्रकूट सम्राट पहिल्या अमोघवर्षाच्या संजाण ताम्रपटाने (शके 793, इ. स. 871) ही सवय मोडली.

राष्ट्रकूट सत्तेचा संस्थापक दंतिदुर्ग याने उज्जयिनीत हिरण्यगर्भ महादान (सोन्याच्या पात्रातून प्रतीकात्मक पुनर्जन्म घेण्याचा विधी) केले आणि गुर्जर राजादिकांना तेथे प्रतिहार, म्हणजे द्वारपाल, केले, असे त्यात म्हटले आहे. माझ्या वहीत याचे ‘माळव्यावर विजय’ एवढेच उरले होते. गुर्जर घराणे स्वतःलाच प्रतिहार म्हणवत असे, हे ध्यानात आल्यावर त्या श्लेषाची धार कळली: शत्रूचे कुलनामच घेऊन कवीने त्याला यज्ञमंडपाच्या दाराशी उभे केले आहे. येथे वर्चस्वाचा दावाच विधीच्या भाषेत केलेला असल्याने विधी वगळला की दावाही हातचा जातो.

याच पटात, लोकांवरचे अरिष्ट टळावे म्हणून अमोघवर्षाने आपले डावे बोट महालक्ष्मीला अर्पण केल्याचे सांगितले आहे. तर जैन आचार्य गुणभद्र ‘उत्तरपुराणा’च्या प्रशस्तीत सांगतात की, आपले गुरू जिनसेन यांच्या चरणी मस्तक ठेवून हाच राजा स्वतःला पावन झालेला मानी. राजा नक्की कोणत्या धर्माचा, या प्रश्नात मी बरेच दिवस अडकून पडलो. ब्राह्मणांना दिलेल्या गावाच्या सनदेला आणि जैन गुरुपरंपरेच्या गौरवाला, दोहोंनाही, तोच राजा हवा होता, हे उमगल्यावर दोन्ही मजकूर एकमेकांशेजारी ठेवून वाचता आले.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, ताम्रपट शेवटाकडून वाचायला घ्यावा. दानपत्रांत वारंवार येणारे ‘यस्य यस्य यदा भूमिस्तस्य तस्य तदा फलम्’ हे वचन भावी राजांना उद्देशून आहे: ज्याची जेव्हा भूमी, त्याला तेव्हा पुण्यफल. दान पुढेही पाळले जावे, ही चिंता एकदा दिसली की आरंभीची लांबलचक वंशावळ कशासाठी कोरली, हेही दिसू लागते. भांडारकरांनी ‘एपिग्राफिया इंडिका’ या कोरीव लेखांच्या संपादनमालेच्या 18व्या खंडात या पटाचे संपादन केले आहे, तेथे आधी दान कोणाला आणि कशासाठी दिले ते शोधावे, आणि मगच पहिल्या श्लोकाकडे वळावे.