जुना रुपया चिंचेने घासू नका
दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या डब्यात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया सापडला की आपल्या विदर्भातल्या खेड्यांत तो चिंचेने किंवा राखेने घासून लख्ख केला जातो, आणि तिथेच त्याचे मोल घटते. कारण नाण्याच्या स्थितीवरून त्याची श्रेणी ठरवणारे तज्ज्ञ भिंगाखाली ते बारीक ओरखडे ओळखतात आणि अशा नाण्याला शेल्डन मापनातला, म्हणजे नाण्याची स्थिती १ ते ७० अंकांत सांगणाऱ्या पद्धतीतला अंक सहसा देत नाहीत. जुन्या चांदीवरचा तो काळपट थर राहू द्यावा, मला तर तोच सर्वांत देखणा वाटतो. नाणे कडेनेच धरावे. श्रेणी ठरवून घेण्याचा खर्च करण्यापूर्वी सोनाराच्या काट्यावर अस्सल रुपयाइतके, म्हणजे ११.६६ ग्रॅमच्या आसपास वजन भरते का, ते पाहावे. वखरताना शेतात नाणी निघाल्यास मात्र १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते.