लॅपटॉप फॅक्टरी रिसेट करताय? रिकव्हरी पार्टिशनच्या बाबतीत या चुका टाळा

लॅपटॉप स्लो झाला, व्हायरस शिरला किंवा कुणाला द्यायचाय म्हणून पहिल्यासारखा कोरा करायचाय, की बरेचजण काय करतात तर एक व्हिडिओ बघतात आणि चालू करताना एफ११ दाबत बसतात. काही झालं नाही की एफ८, मग एफ१२, मग हाताला लागेल ते बटण. कृपा करून असं करू नका. बटण दाबणं हे यातलं सगळ्यात शेवटचं काम आहे, त्याच्या आधी थोडं बघून घेतलं तर बहुतेक घोळ होतच नाहीत.

पहिलं म्हणजे तुमच्या लॅपटॉपमध्ये रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोज परत टाकायला किंवा दुरुस्त करायला डिस्कचा वेगळा राखून लपवलेला तुकडा, आहे का आणि त्यात नेमकं काय आहे ते बघा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, खाली डिस्कची पट्टी दिसेल. त्यात 'रिकव्हरी पार्टिशन' लिहिलेला, ड्राइव्ह लेटर नसलेला एखादा तुकडा असतो, त्याची साइज बघा. १०-२० जीबी किंवा जास्त असेल तर त्यात बहुतेक कंपनीने भरलेली विंडोजची आख्खी कॉपी आहे, ड्रायव्हरसकट (वायफाय, आवाज वगैरे हार्डवेअर चालवणारी सॉफ्टवेअर). पण ५०० एमबी ते १ जीबीच्या आसपास असेल तर तो नुसता दुरुस्तीचा टूलबॉक्स आहे, त्यात विंडोजची कॉपी नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, रिकव्हरी असं नाव दिसलं की निर्धास्त होतात. विंडोज १० पासून 'रिसेट धिस पीसी' हा ऑप्शन सी ड्राइव्हवर आधीपासून असलेल्या सिस्टीम फाइल्समधूनच विंडोज परत उभं करतो, त्याला ते मोठं पार्टिशन लागत नाही, म्हणून नव्या लॅपटॉपमध्ये ते दिसलं नाही तर काही बिघडलंय असं नाही.

आता ज्या चुकीचं मला सगळ्यात वाईट वाटतं ती, जागा कमी पडते म्हणून हे पार्टिशन उडवणं. डिस्क मॅनेजमेंट सहसा ते डिलीट करूच देत नाही, राइट क्लिक केलं की फक्त हेल्प दिसतं, आणि त्याला कारण आहे. तरी लोक डिस्कपार्टमध्ये (कमांड टाइप करून डिस्क हाताळायचं विंडोजचं टूल) जाऊन 'ओव्हरराइड' लावून ते काढतातच. आणि मिळतं काय? डिस्क मॅनेजमेंटमधून सी वाढवायला मोकळी जागा सी च्या लगेच उजवीकडे लागते, ती तिथे नसेल तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' पुसटच राहतं, म्हणजे रिकव्हरीही गेली आणि जागाही वापरता येईना. एसएसडी बसवताना पण हेच होतं, क्लोन करताना (म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब कॉपी नव्या डिस्कवर घेताना) फक्त सी घेतला जातो, बाकीची पार्टिशन्स जुन्या डिस्कवर राहतात आणि मग रिकव्हरीचं बटण दाबून काही होत नाही. क्लोन करायचा तर पूर्ण डिस्कचा करा.

बटणांचं म्हणाल तर प्रत्येक कंपनीचं वेगळं. एचपीला एफ११, एसरला ऑल्ट दाबून एफ१०, आसुसच्या बऱ्याच जुन्या मॉडेलना एफ९, जुन्या तोशिबाला शून्याचं बटण दाबून धरायचं, लेनोवोच्या बऱ्याच मॉडेलना बाजूला एक बारीक भोक असतं, लॅपटॉप बंद असताना त्यात पिन घालून आतलं बटण दाबायचं. तोशिबा सोडलं तर सहसा बटण धरून ठेवू नका, टकटक दाबत राहा, लोगो यायच्या आधीपासून. एसरमध्ये बायोसला (विंडोजच्या आधी उघडणारा लॅपटॉपचा मूळ सेटिंग स्क्रीन) 'डीटूडी रिकव्हरी' म्हणून सेटिंग असतं ते बंद असेल तर कितीही दाबा, काही होणार नाही. शिवाय काही लॅपटॉपवर एफ बटणांवर ब्राइटनेस आणि आवाज असतात, तिथे सोबत एफएन दाबून बघा. आणि फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन म्हणजे खरं पूर्ण बंद होत नाही, म्हणून रीस्टार्ट करून बघा. विंडोज उघडत असेल तर एवढी कसरत कशाला, शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा, ट्रबलशूटचा निळा स्क्रीन येतो, रिसेट तिथूनच करता येतं.

डेटाबद्दल मात्र हात जोडून सांगते, 'माझं सगळं डी मध्ये आहे, सी उडाला तरी चालेल' या भरवशावर राहू नका. कंपनीची जुनी रिकव्हरी कधीकधी आख्खी डिस्क कारखान्यातून आली तशी करते, म्हणजे डी सुद्धा जातो. स्क्रीनवर येणारी वॉर्निंग पूर्ण वाचा, नेक्स्ट नेक्स्ट करू नका. 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी तुम्ही टाकलेले प्रोग्राम जातातच. बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोनचार फाइल्स दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, कॉपी झालं असं वाटणं वेगळं आणि फाइल उघडणं वेगळं. डेस्कटॉप, डाउनलोड्स, ब्राउझरमधले पासवर्ड आणि आउटलुकच्या फाइल्स हमखास विसरल्या जातात.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरीत शिरताना ४८ अंकी की मागू शकतं. ती बऱ्याचदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, ती आधीच कागदावर उतरवून ठेवा.

सुरू केल्यावर चार्जर लावलेलाच ठेवा. टक्का एकाच आकड्यावर बराच वेळ थांबतो, जुन्या हार्ड डिस्कवर तर काही तास जातात, अडकलं म्हणून पॉवर बटण दाबून बंद केलंत तर ना जुनं विंडोज राहतं ना नवं. 'रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट सापडत नाही' असा एरर आला तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून 'रीएजंटसी स्लॅश इन्फो' (reagentc /info) ही कमांड इंग्रजीत टाका, स्टेटस डिसेबल्ड दिसलं तर इन्फोच्या जागी 'एनेबल' (enable) टाकून चालू करा. रिसेट अर्ध्यातून परत फिरत असेल तर 'क्लाउड डाउनलोड' निवडा, त्यात विंडोज नव्याने उतरतं, ४ जीबीपेक्षा जास्त डेटा लागू शकतो. तरीही परत परत फेल होत असेल तर डिस्कच खराब होत चालली असेल, ती आधी तपासून घ्या. रिकव्हरी पार्टिशन त्याच डिस्कवर असतं, डिस्क गेली की तेही गेलं, म्हणून लॅपटॉप धड चालू आहे तोवर 'क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह'ने ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर ड्राइव्ह बनवा, फक्त त्या पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं हे ध्यानात ठेवा.

पार्टिशन आधीच गेलं असेल तरी घाबरू नका. विंडोज ८ पासून पुढे लॅपटॉपसोबत विंडोज आलं असेल तर लायसन्सची की बहुतेक मदरबोर्डवरच असते, मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्ह बनवून त्याच विंडोजची तीच एडिशन (होम किंवा प्रो) टाकली की नेट जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. विंडोज ७ वाल्यांनी खालचं स्टिकर पुसट व्हायच्या आत फोटो काढून ठेवा.

आणि जुन्या लॅपटॉपवर कंपनीची रिकव्हरी केली तर त्यासोबत आलेलं विंडोजच परत येतं. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला, तेव्हा त्यावर बँकेचं काहीही उघडू नका, आधी हार्डवेअरला झेपेल ते नवीन विंडोज टाका. लॅपटॉप कुणाला द्यायचा असेल तर रिसेट करताना 'क्लीन द ड्राइव्ह' चालू करा, वेळ जास्त लागतो पण जुन्या फाइल्स परत काढणं खूप अवघड होतं. आणि वायफायचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, नवं विंडोज टाकल्यावर वायफाय दिसलंच नाही तर बाकीचे ड्रायव्हर उतरवणार कशावरून.